बेतीच्या फेरीतली जाड पुस्तकं

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले होते की या मे महिन्यात हजारभर पानांची एक जुनी, भडक, लाखांनी खपलेली कादंबरी मी तिसऱ्यांदा वाचली आणि त्या नादात दोनदा डाळ करपवली. त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. डाळीबद्दल फक्त एकीने विचारलंय. बाकी सगळी पुस्तकांबद्दल. बऱ्याच जणांनी 'नाव छापू नका' असं बजावलंय, म्हणून नुसती गावं देतेय.

डिचोलीहून एक शिक्षक लिहितात: मी हायस्कुलात मराठी शिकवतो. चांगलं साहित्य वाचतो, मुलांना वाचायला लावतो. पण आवडतात त्या साठ-सत्तरच्या दशकातल्या जाडजूड सनसनाटी कादंबऱ्या. घरी त्यांना वर्तमानपत्राचं कव्हर घालून ठेवतो. परवा आमच्या वाचनकट्ट्यावर हे तोंडून निघून गेलं आणि सगळे हसले. ताई, अशा आवडीचं समर्थन कसं करावं?

सर, आधी ते वर्तमानपत्राचं कव्हर काढा. त्याची शाई पुस्तकाला लागते.

आणि समर्थन कशाला? तुमच्यावर कुणी खटला थोडाच भरलाय! (खटल्याची गोष्ट पुढे येतेच आहे.) 'हेही साहित्यच आहे हो' असं केविलवाणं काही कट्ट्यावर बोलू नका. बहुतेक वेळा ते नसतं. त्यापेक्षा या पुस्तकांची मला गोडी कशी लागली ते सांगते.

५ जुलै १९८६ ला मांडवीवरचा नेहरू पूल पडला. उणापुरा सोळा वर्षांचा पूल. मी तेव्हा म्हापशाहून पणजीला एका कचेरीत कारकुनीला जात होते. पूल पडला आणि आमचं आयुष्य पुन्हा फेरीबोटीवर आलं. म्हापशाहून बस, पणजीसमोरच्या काठावर बेतीला रांग, मग फेरी, पलीकडे उतरून छत्री सावरत चालत. रोजचे दीड-दोन तास त्यात जायचे. नवा पूल व्हायला १९९२ उजाडलं. म्हणजे सहा पावसाळे मी रांगेत काढले, आणि त्या रांगेत उभी राहून जे वाचलं तेवढं पुढे कधी बसून वाचलं नाही.

पुस्तकं आणायची म्हापशातल्या एका भाड्याच्या वाचनालयातून. मालक हुशार. पाचशे पानांच्या वरचं पुस्तक आलं की तो ते मधोमध फाडायचा, दोन्ही अर्ध्यांना दाभणाने तीन-तीन भोकं पाडून सुतळीने शिवायचा, वर खाकी कागद, आणि 'भाग १', 'भाग २' म्हणून दोघांचं वेगळं भाडं लावायचा. लेखकाने रहस्य कुठे ताणायचं ते ठरवलेलं असो नसो, आमच्याकडे ते मालकाचा सुरा ठरवायचा. एकदा तर वाक्याच्या मधेच. आतला समास सगळा टाक्यांत गेलेला, त्यामुळे ओळीची शेवटची दोन अक्षरं वाचायला पुस्तक दोन्ही हातांनी ओढून धरावं लागे, छत्री काखेत, डबा कोपरात. आणि भाग २ नेहमी दुसऱ्याच कुणाकडे गेलेला.

अशा अवस्थेत मी आर्थर हेलीची 'एअरपोर्ट' वाचली. १९६८ ची कादंबरी. शिकागोजवळच्या एका काल्पनिक विमानतळावर बर्फाचं तुफान, एक मोठं विमान चिखलात रुतून मुख्य धावपट्टी अडवून बसलेलं, आणि एक कर्जबाजारी माणूस बॅगेत बॉम्ब घेऊन निघालेला. सगळं एका रात्रीत घडतं. माझ्यावर बेतीचा पाऊस तिरपा कोसळतोय, चप्पल बुटबुटतेय, आणि पुस्तकात बर्फ उपसायच्या गाड्या चालल्या आहेत. आमची फेरी भरतीमुळे थांबलेली, त्यांची विमानं धावपट्टीमुळे. सर, असा शेजार मला एकाही थोर कादंबरीने दिलेला नाही.

तेव्हाच एक गोष्ट लक्षात आली. समीक्षक या पुस्तकांना एक दोष नेहमी लावतात, तो म्हणजे पुनरुक्ती. एखादं पात्र चाळीस पानांनी परत आलं की लेखक त्याची ओळख पुन्हा करून देतो: तोच तो वैतागलेला मॅनेजर, तीच ती बिनतिकिटाने फिरणारी म्हातारी. घरी आरामखुर्चीत वाचणाऱ्याला हे खटकेल. पण फेरीच्या धक्क्यावर पुस्तक मिटून, दिवसभर जावक-आवकच्या वह्या भरून, संध्याकाळी पुन्हा उघडणाऱ्या बाईला ती ओळख म्हणजे ओळखीच्या कंडक्टरने जागा राखून ठेवावी तशी. ही पुस्तकं अडून अडून वाचायलाच लिहिलेली आहेत. बसमध्ये, दवाखान्याच्या बाकावर, कुकरच्या शिट्ट्या मोजत. एका बैठकीत संपवायला गेलात तर तीच पुनरुक्ती डोक्यात जाईल आणि तुम्ही लेखकाला नावं ठेवाल.

लांबीचं म्हणाल, तर आपण गोंयकारांनी लांबीला नावं ठेवावीत हा विनोदच आहे. जत्रेतलं नाटक रात्री उशिरा सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं. खलनायक आला की मागच्या चटईवरचे झोपलेलेही उठतात. मध्येच कुणी चहा-भजी खाऊन येतो, परत येऊन शेजाऱ्याला विचारतो, 'किदें जालें?' आणि नाटकात पुन्हा बुडतो. त्या नाटकाला कुणी दर्जाचा दाखला मागत नाही. तुमच्या कट्ट्यावर हसणाऱ्यांपैकी निम्मे त्या चटईवर दिसतील.

हेलीकडून मला आणखी एक मिळालं, ते म्हणजे धंद्याची आतली बाजू. त्याआधीची त्याची 'हॉटेल', १९६५ ची, न्यू ऑर्लिन्समधल्या एका जुन्या हॉटेलातल्या पाच दिवसांची. चोर खोल्यांच्या किल्ल्या कशा मिळवतो, स्वयंपाकघरात काय वाया जातं, लिफ्ट कशी दगा देते, हे सगळं प्रेमप्रकरणांच्या मधे पेरलेलं. पुढे भाची कळंगुटच्या एका हॉटेलात रिसेप्शनला लागली, तेव्हा मी तिला इतके बारीक प्रश्न विचारले की ती म्हणाली, मावशी, तू आधी कुठे नोकरीला होतीस?

आता वाईट बाजू. या पुस्तकांतल्या बायका बहुतेक वेळा रडतात, फसतात किंवा आरशासमोर उभ्या राहतात. परदेशी माणूस आला की तो कपटी किंवा गूढ. काही प्रसंग तर केवळ पानं गरम करायला घातलेले. तिथे मी सरळ चार पानं उलटते. लेखक मेलेला असतो, त्याला वाईट वाटत नाही.

फोंड्याहून एक मुलगी, वय १९: आजीच्या लोखंडी पेटाऱ्यात मामाच्या जुन्या इंग्रजी कादंबऱ्या सापडल्या. त्यात 'शोगुन' आहे, विटेएवढी. तीनदा सुरू केली, दर वेळी साठ-सत्तर पानांत थांबते. जपानी नावं लक्षात राहत नाहीत आणि फोन हातात येतो. सोडून देऊ का?

सोडू नको गं बाय, एवढ्यात तरी नको. तू थांबतेस तिथून थोड्याच अंतरावर एका खलाशाला कढईत जिवंत उकळतात. आजीला विचारून वाच.

तुझ्यासाठी त्यात एक खास गंमत आहे. जेम्स क्लॅव्हेलची ही १९७५ ची कादंबरी १६०० सालच्या जपानमध्ये घडते. नायक इंग्रज नाविक. त्याचा नमुना खरा होता, विल्यम अ‍ॅडम्स नावाचा, जो त्याच वर्षी एका डच जहाजावरून जपानला पोहोचला. आणि नायकाच्या वाईटावर टपलेले कोण? पोर्तुगीज व्यापारी आणि जेझुइट पाद्री. म्हणजे आपले शेजारीच की! ज्या काळ्या जहाजावरून पुस्तकभर राजकारण शिजतं, तीही कल्पना नव्हे. पोर्तुगिजांचं मोठं व्यापारी जहाज गोव्याहून निघून मलाक्का, मकाव करत नागासाकीला जात असे. चिनी रेशीम द्यायचं, जपानी चांदी घ्यायची. जुन्या गोव्याची जी चर्च तू शाळेच्या सहलीत पाहिलीस, त्या काळातला हा पैसा. अमेरिकेतल्या वाचकाला हे सगळं परग्रहासारखं वाटलं असेल. तू फोंड्यात बसून वाचतेस, तेव्हा जहाज कुठून निघालं ते तुला ठाऊक आहे. क्लॅव्हेल स्वतः दुसऱ्या महायुद्धात सिंगापूरच्या चांगी इथे जपान्यांचा कैदी होता, आणि तरी त्याने जपानकडे इतक्या कुतूहलाने पाहिलं, हे मला पुस्तकाहून मोठं वाटतं.

नावांचं माझं औषध जुनं आहे. पुस्तकात खूण म्हणून बसचं तिकीट घालायचं आणि त्याच्या पाठीवर नावं लिहायची, पण नुसती नावं नव्हेत. पुढे दोन शब्द आपल्या भाषेत. 'तोरानागा: बोलत नाही, ऐकतो.' 'याबू: विश्वास ठेवू नये.' तुझ्या गावात तशा स्वभावाचं कुणी असेल तर त्याचंच नाव घाल. माझ्या तिकिटावर याबूच्या पुढे आमच्या कचेरीतल्या एका साहेबांचं नाव होतं. पुढे ते तिकीट पुस्तकात राहून गेलं आणि पुस्तक वाचनालयात परत गेलं. देव करो आणि साहेबांना अशा पुस्तकांची आवड नसो.

डिक्शनरी घेऊन बसू नकोस. शब्द अडला तर पुढे जा, महत्त्वाचा असेल तर तो परत येतो. रात्री झोपताना वाचू नकोस, हात दुखतात आणि वीट नाकावर पडते, अनुभवाचे बोल. कॉलेजच्या बसमध्ये वाच. वीस पानं झाली की बंद, मग कितीही ओढ लागो.  पुस्तकालाही थोडी वाट बघू दे.

इंग्रजी अगदीच जड गेलं तर मराठी अनुवादांपासून सुरुवात कर. रवींद्र गुर्जरांनी मराठीत आणलेली 'पॅपिलॉन' घे. ती आत्मकथा म्हणून आली, त्यातलं किती खरं यावर पुढे बरेच वाद झाले, पण तुरुंगातून पळायचे बेत वाचताना ते वाद आठवत नाहीत.

कुडचड्याहून एक वाचक: चंद्रकांत काकोडकरांच्या कादंबऱ्या आमच्या घरात गादीखाली असायच्या. त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला होता असं वडील सांगत. खरं का? आणि आपल्याकडे तशा जाड सनसनाटी कादंबऱ्या का झाल्या नाहीत?

खरं आहे, आणि निकाल ऐकण्यासारखा आहे. काकोडकरांची 'श्यामा' ही कथा 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकात आली. त्यावर तक्रार झाली. खालच्या कोर्टाने सोडलं, मुंबई हायकोर्टाने दोषी धरून लेखकाला नि प्रकाशकाला प्रत्येकी २५ रुपये दंड केला आणि अंकाच्या प्रती नष्ट करायला सांगितलं. पंचवीस रुपये! तो भरला असता तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण ते सुप्रीम कोर्टात गेलं, आणि १९६९ मध्ये तिथे शिक्षा रद्द झाली. समाजाच्या कल्पना झपाट्याने बदलत आहेत, असं कोर्टाने तेव्हा म्हटलं. याच कोर्टाने १९६४ मध्ये एका गाजलेल्या इंग्रजी कादंबरीपायी मुंबईच्या पुस्तकविक्रेत्याची शिक्षा कायम केली होती, हे लक्षात घेतलं तर पाच वर्षांत केवढा फरक! गंमत म्हणजे त्याच १९६९ मध्ये काकोडकरांच्या 'नीलांबरी'वरून राज खोसलांनी 'दो रास्ते' काढला आणि ज्या घरांत कादंबऱ्या गादीखाली होत्या ती घरं सहकुटुंब थिएटरात गेली.

त्यांच्या आडनावातच तुमचं काकोडा आहे, तेव्हा कुडचडेकरांनी गादी झटकायला हरकत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्यापुरतं असं. आपल्याकडे सनसनाटी पुस्तक बारीक असायचं. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, पण एकेक पुस्तक मुठीत मावेल एवढं. दुपारी आणलं, चहाला संपलं. जाडी आपण राखून ठेवली ती पुराण-इतिहासासाठी. 'मृत्युंजय' १९६७ ची. तिच्यात सूड आहे, जन्माचं रहस्य आहे, अपमान आहेत, मैत्रीसाठी प्राण देणं आहे. सनसनाटी कादंबरीला लागतं ते सगळं. पण कर्ण असल्यामुळे ती देवघराशेजारच्या कपाटात उघड ठेवता येते. गादीखाली ठेवावी लागत नाही, एवढाच काय तो फरक. भक्तांनी रागावू नये, मीही ती चारदा वाचली आहे आणि चारही वेळा रडले आहे.

मडगावहून एक गृहिणी: सासऱ्यांच्या संग्रहात अशी दीडशे-दोनशे जुनी पेपरबॅक आहेत. दर पावसात बुरशी येते, पानं सुटतात. फेकवत नाही. काय करावं?

आधी चूक सांगते, कारण ती मीच केली आहे. पुस्तकं प्लास्टिकच्या पिशव्यांत घट्ट बांधून ठेवू नका. आत अडकलेल्या ओलाव्याने सहा महिन्यांत हिरवी मखमल होते. माझी अकरा पुस्तकं अशी गेली. कडक उन्हातही घालू नका. या पुस्तकांना शिवण नसते, पाठीला नुसता गोंद असतो. तो उन्हाने तडकतो आणि पुस्तक पत्त्यांसारखं पिसलं जातं. कागदही स्वस्तातला, वर्तमानपत्राच्या जातीचा, उजेडात आणखी पिवळा आणि ठिसूळ होतो.

कपाट भिंतीपासून चार बोटं सरकवा. पुस्तकं दाटीवाटीने कोंबू नका. कोरड्या दिवशी पंख्याखाली उभी करून पानं पंख्यासारखी उघडा, बुरशी पूर्ण वाळली की मगच अंगणात नेऊन मऊ ब्रशने झाडा, आणि तोंडाला रुमाल बांधा. ओली असताना पुसलीत तर ती कागदात चोळली जाते. बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या जमवून खणात ठेवा, पोरांच्या हाती लागणार नाहीत अशा. वाळवी दिसली तर घरगुती उपाय करत बसू नका, माणूस बोलवा.

सुटलेली पानं चिकटपट्टीने जोडू नका, दहा वर्षांनी ती तपकिरी होऊन अक्षरं खाते. बाइंडरकडे द्या. मात्र त्याला बजावून सांगा की समास राखून शिव. नाहीतर छत्री काखेत धरून वाचायची सवय करा.

पेडण्याहून एक निवृत्त पोस्टमन: आठवडे बाजारात रद्दीवाल्याकडे एक जाड मराठी अनुवाद मिळाला. कव्हर नाही, पहिली पानं नाहीत. सहाशे पानं वाचली आणि शेवटी पाहतो तो शेवटचा सोळा पानांचा फर्माही नाही! नायिका बंदराच्या धक्क्यावर उभी आहे, बोटीतून कोणीतरी उतरतंय, आणि पुस्तक संपलं. पुस्तक कोणतं असेल? रात्री झोप नाही.

पोस्टमनसाहेब, तुम्ही आयुष्यभर लोकांना पुढची बातमी पोहोचवलीत आणि तुमचीच अडली! एवढ्या खुणेवरून मला ओळखता येत नाही. बोटीवरून उतरणारा माणूस या जातीच्या प्रत्येक तिसऱ्या पुस्तकात असतो. पात्रांची नावं, गाव आणि पानाच्या वरच्या कडेला काही छापलं असेल तर ते कळवा. पुढच्या अंकात छापू, कुणा ना कुणाकडे ती शेवटची सोळा पानं असतील.

तोवर एक ऐका. १९८७ च्या पावसात मला असाच एका कादंबरीचा भाग २ मिळेना. फेरीत रोज शेजारी उभी राहणारी, पणजीच्या एका शाळेतली शिपाईण म्हणाली, मी वाचलीय, सांगते. बेती सोडल्यापासून पणजीच्या धक्क्याला लागेपर्यंत तिने मला शेवट सांगितला, पाटी खाली ठेवून, हातवारे करत. आजूबाजूचे चार जणही ऐकत होते. बाप जिवंत निघतो, धाकटी बहीण सगळी इस्टेट जाळते, आणि नायिका त्या राखेत घराची किल्ली शोधते. फेरीची साखळी खाली आली तरी कुणी उतरेना.

आठ वर्षांनी भाग २ हाती आला. त्यात बाप नव्हता, आग नव्हती, किल्ली तर नव्हतीच. दोघांचं लग्न होऊन पुस्तक संपत होतं. तिने ते पुस्तक वाचलंच नव्हतं की दुसऱ्याशी घोळ घातला होता, कोण जाणे. तेव्हा साहेब, पुस्तकाचं नाव सापडेपर्यंत घरात कुणाला तरी विचारून पाहा, त्या बोटीतून कोण उतरलं असेल. आणि जे उत्तर मिळेल तेही पत्रात लिहा.